पांघरुणातलं पातेलं

हारमेनने मुलीला मारलेली थाप तशी साधीच होती. ‘मी रोज स्वयंपाक करतो,’ एवढंच तो फोनवर म्हणाला. ज्या माणसाने उभ्या जन्मात अंडंसुद्धा उकडलं नाही, त्याने असं बोलू नये. पण बोलून गेला. आणि थापेचं असं असतं, की ती एकटी कधी येत नाही. मागोमाग पाहुणा घेऊन येते.

“रोज करता?” पलीकडून येत्स्के म्हणाली. “मग या रविवारी मीच येते जेवायला. तुम्ही जे खाता तेच वाढा.”

“अगं, एवढ्या लांबून कशाला...”

“बाबा, सरळ बोलूया. गरम, स्वतः शिजवलेलं, चमच्याने खायचं जेवण तुमच्या त्या डबडा व्हॅनमध्ये मला मिळालं, तर वसंत ऋतू येईपर्यंत मी वरच्या खोलीचं नाव काढणार नाही. नाही मिळालं, तर डबडं माझ्या दारात उभं करायचं आणि हिवाळाभर माझ्याकडे राहायचं. कबूल?”

“कबूल,” हारमेन म्हणाला. चाळीस वर्षं कालव्यांतून मालाची बोट चालवलेला माणूस. तोंडी शब्दावर गाड्यागाड्यांनी धान्य चढवलं-उतरवलं. त्याचा शब्द म्हणजे गाठ मारलेला दोर, सुटायचा नाही.

वरची खोली म्हणजे झ्वोले शहरात येत्स्केच्या घरातली तिच्या मुलाची खोली. पोरगा उन्हाळ्यात शिकायला गेला आणि खोली रिकामी झाली. चांगली होती. ऊबदार होती. तिला खिडकीही होती, आणि त्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसायची. हारमेनला जन्मभर सकाळी डोळे उघडले की पाणी दिसायची सवय. आफके, त्याची बायको, गेली, बोट विकली, तेव्हा त्याने बेकरीवाल्याची जुनी व्हॅन घेतली, तिच्यात एक पलंग, एक शेगडी, एक बाक आणि एक टेबल ठोकलं आणि फ्रिसलंड प्रांतातल्या समुद्राच्या बांधाखाली एका शेतकऱ्याच्या कुरणाच्या कडेला आणून उभी केली. बांधावर दहा पावलं चढलं की पुढे सगळा समुद्र. व्हॅनमध्ये पाव भाजल्याचा वास अजून यायचा, तोही त्याला आवडायचा. एकच गोष्ट तिथे नव्हती, ती म्हणजे स्वयंपाक. शेगडीवर फक्त कॉफी व्हायची. बाकी संध्याकाळ झाली की स्वारी सायकलवर टांग मारून गावातल्या तळलेल्या बटाट्यांच्या गाडीकडे निघायची. गाडीवाला त्याला लांबून बघूनच कढईत बटाटे सोडायचा.

थाप मारली गुरुवारी. शुक्रवारी सकाळी हारमेन शेजारच्या लाल व्हॅनच्या दारावर जाऊन उभा राहिला.

तिथे बाउक्ये राहायची. आयुष्यभर टपाल वाटलेली बाई, त्यामुळे सगळ्यांची खबर असलेली, आणि अख्ख्या जगाला ‘तू’ म्हणणारी. तिच्या व्हॅनमधून रोज असा वास यायचा की कुरणातल्या मेंढ्यासुद्धा माना वर करायच्या. आणि खर्च म्हणाल तर नावाला. खाटकाकडचं हाड, शेतकऱ्याने रस्त्याकडेच्या फळीवर ठेवलेली वाकडी गाजरं, हिरव्या वाटाण्याची डाळ. संपला बाजार.

हारमेनने सगळं सांगितलं. बाउक्ये इतकी हसली की तिला दाराला धरावं लागलं.

“म्हणजे बोटीवर चाळीस वर्षं तू खाल्लंस काय?”

“आफके करायची ते.”

“ती करताना बघितलं नाहीस कधी?”

“मी सुकाणूवर असायचो, बाउक्ये. वाडगा खालून वर यायचा. रिकामा खाली जायचा.”

“वा रे राजा!” ती म्हणाली. “बरं. मग स्नेर्त कर. वाटाण्याचं सूप गाढवालाही जमतं, आणि आपल्या माणसाला थंडीत दुसरं काही नकोच असतं.”

“पण ते तासन्‌तास शिजवावं लागतं ना? माझ्याकडे गॅसचा एक छोटा सिलिंडर आहे. आणि एवढी वाफ झाली की भिंतींना घाम फुटतो, पलंग ओला होतो.”

“तासन्‌तास गॅस जाळायला आपण काय राजवाड्यात राहतो?” बाउक्येने आवाज खाली आणला, जणू वाड्याचं गुपित सांगतेय. “नीट ऐक. डाळ, हाड, गाजर, कांद्याची पात, सेलेरीचा कंद, सगळं पातेल्यात. खळाखळा उकळी आली की पाव तास तशीच ठेव. मग झाकण घट्ट बांध, पातेलं उचल आणि सरळ पलंगात घाल. पांघरूण घे त्याच्यावर. पोराला निजवतात तसं. दुपारी निजवलं की संध्याकाळी आपोआप शिजून उठतं. गॅस नाही, वाफ नाही, ढवळणं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि एक. उघडून बघायचं नाही. काही झालं तरी नाही. एकदा झाकण काढलंस की ऊब गेली.”

“त्यात काय मोठंसं,” हारमेन म्हणाला.

त्यातच तर सगळं होतं. चाळीस वर्षं ज्याने तळातलं पाणी तपासलं, इंजिनाचं तेल तपासलं, दोर तपासले, मध्येच उठून पुन्हा दोर तपासले, त्या माणसाला ‘बघू नको’ सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगणं. शिजेपर्यंत दम धरवतो पण निवेपर्यंत धरवत नाही, असं आपण म्हणतो. हारमेनचा दम शिजेपर्यंतही पुरणार नव्हता, पण हे त्याला रविवारी कळायचं होतं.

रविवार उजाडला तो वाऱ्यासकट. बांधावरचं गवत आडवं झालं होतं. हारमेनने सकाळीच गाजरं चिरली, एवढीएवढीशी, सारख्या मापाची. सेलेरीच्या कंदाशी थोडी मारामारी झाली. पण दुपारी पातेलं उकळलं तेव्हा व्हॅनमध्ये असा वास सुटला की त्याचं त्यालाच भरून आलं. त्याने झाकण दोरीने बांधलं, खलाशी गाठ मारली, पातेलं पलंगावर उशीपाशी ठेवलं, वरून गळ्यापर्यंत वर्तमानपत्र, घोंगडी, मग पांघरूण. तेवढ्यात बाउक्ये डोकावली.

“डोकं उघडं आहे बघ,” ती म्हणाली आणि आपली लोकरीची जांभळी टोपी काढून तिने झाकणावर चढवली. “आता कसं! आणि लक्षात आहे ना?”

“उघडून बघायचं नाही.”

“शहाणा.”

ती गेली. हारमेन बाकावर बसला. उरलेलं वर्तमानपत्र वाचलं. पलंगाकडे बघितलं. आत काय चाललं असेल? आवाज तर काहीच नव्हता. इंजिन असा आवाज बंद करतं तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. एकदाच बघू, पटकन. त्याने टोपी काढली, गाठ सोडली, झाकण कलतं केलं. वाफेचा लोट तोंडावर आला. छान. बंद.

मग थोड्या वेळाने वाटलं, मघाशी झाकण नीट बसलं का? बघितलं. बसलं होतं. मग वाटलं, तळाला लागलं तर? गॅसच नाही तर लागेल कसं, हे त्याला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि चैन पडणं वेगळं. त्याने ढवळून बघितलं. मग मिठाचं आठवलं. दर वेळी वाफ पहिल्यापेक्षा थोडी कमी यायची. त्याला वाटलं, शिजत आलं म्हणून कमी येत असेल. धन्य तो आचारी!

जेवण सहाला ठरलं होतं. आमच्याकडे सहा म्हणजे सहा. अगोदर येणं हे उशिरा येण्याइतकंच वाईट. पण रस्ता मोकळा मिळाला आणि येत्स्केची गाडी कुरणाच्या फाटकात लवकरच येऊन उभी राहिली. हारमेन तेव्हा राईच्या पावाचे तुकडे करत होता. त्याने हात पुसायच्या आत ती दार उघडून आत आली, वाऱ्याने केस विस्कटलेले, हातात किल्ली.

“बाबा, मी जरा...” असं म्हणाली आणि जागीच थबकली.

तिची नजर पलंगावर होती. पांघरुणाखाली एक गोल उंचवटा होता. उशीपाशी जांभळी बायकी टोपी होती, भिंतीकडे तोंड केल्यासारखी.

येत्स्केने आवाज अगदी बारीक केला. “कोण आहे?”

“श्श! हलवू नकोस,” हारमेन घाईने म्हणाला. त्याचं सगळं चित्त सुपात. “सहापर्यंत तसंच राहू दे.”

“सहापर्यंत?” ती दारातून मागे सरकली. तिच्या चेहऱ्यावर आधी लाली आली, मग ती ओशाळली, मग हळूहळू खट्याळ होत गेली. “बाबा, मला सांगायचं तरी! मी बाहेर थांबते. बरी आहे ना तब्येत? डोक्यावर टोपी घालून झोपलीय...”

आत्ता कुठे हारमेनच्या डोक्यात उजेड पडला. त्याने पलंगाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. “अगं, वेडे! ते जेवण आहे!”

त्याने टोपी उचलली. खाली पातेल्याचं झाकण. येत्स्के क्षणभर तशीच बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती बाकावर कोसळलीच. “जेवण! मी म्हटलं नवी आई!”

“लाज वाटत नाही बापाला असं बोलायला?”

“मला? टोपी कोणाची आहे ते आधी सांगा.”

हारमेनने घड्याळाकडे बघितलं. सहा वाजत आले होते. त्याने दोन वाडगे मांडले, चमचे मांडले, पावाच्या तुकड्यांवर मोहरीची चटणी लावली. मग पातेलं टेबलावर आणलं आणि गाठ सोडली. आता वाफ येईल म्हणून तो मागे सरला.

वाफ आलीच नाही. पाणी होतं, कोमट, हिरवट. त्यात गाजराचे ते सुबक तुकडे पोहत होते. हारमेनने चमचा मध्ये उभा केला. चांगल्या स्नेर्तमध्ये चमचा उभा राहतो, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. हा चमचा कलला, काठावर आपटला आणि खाली बुडाला. तळाशी डाळ खडखडली.

येत्स्केने दोन दाणे काढून तोंडात टाकले. कडकन आवाज आला. ती एका दंतवैद्याकडे लोकांच्या वेळा लावायचं काम करते. “दात तुटला तर आमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत जागा नाही हं,” ती म्हणाली.

हारमेन हसला नाही. तो बाकावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले. बाहेर वारा बांधावरून घुमत होता आणि त्याला त्या खिडकीतली भिंत दिसत होती, लाल विटांची, अगदी स्पष्ट. शब्द दिला होता. आता शब्द पाळायचा.

“मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “मी रोज बटाटे खातो, त्या गाडीवरचे. हे पहिल्यांदाच केलं. आणि उघडून बघायचं नाही असं सांगितलं होतं, तरी बघितलं.”

“किती वेळा?”

“बरेच वेळा.”

“बाबा!”

“जिवाला राहवेना गं. कपडे भरतो मी. उद्या सकाळी गाडी घेऊन निघू.”

येत्स्केने पातेल्याकडे बघितलं, पलंगावरच्या घोंगडीकडे बघितलं. मग उठली, बाह्या वर केल्या आणि पातेलं शेगडीवर चढवून गॅस पेटवला.

“काय करतेस?”

“भूक लागलीय मला. आणि हे तुम्ही निजवलं कसं? खाली काय घातलं होतं?”

“खाली? खाली काही नाही. वरून घातलं.”

“म्हणजे सगळी ऊब त्या पातळ गादीतून खाली गेली. माणूससुद्धा असं निजत नाही. थांबा.”

ती गाडीकडे गेली आणि डिकीतून एक भलीमोठी रजई घेऊन आली. नवी कोरी, निळी, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. हारमेनने विचारलं नाही, पण त्याला कळलं. वरच्या खोलीतल्या पलंगासाठी घेतलेली. येत्स्केने पिशवी टराटरा फाडली, रजईचा अर्धा भाग पलंगावर अंथरला, झाकण बांधून उकळतं पातेलं त्यावर ठेवलं आणि उरलेली रजई चारही बाजूंनी अशी खोचली की कुठे बोटभर फट राहिली नाही. हात सराईत होते. एकदाही थांबले नाहीत.

“तुला हे कोणी शिकवलं?” हारमेनने विचारलं.

“आईने. अजून कोणी?”

“आफके असं करायची? ती तर शेगडीवर करायची.”

“तुम्ही वर असायचात.” येत्स्के पातेल्याच्या एका बाजूला टेकून बसली. “बाबा, शुक्रवारचं सूप कुठे शिजायचं माहीत नाही तुम्हाला? माझ्या बर्थवर. माझ्या पांघरुणात.”

बोटीवरच्या सगळ्या मुलांसारखी येत्स्केही शाळेसाठी वसतिगृहात असायची. आठवडाभर तिथे, आणि शुक्रवारी बोट जिथे असेल त्या धक्क्यावर आई घ्यायला यायची. सात वर्षांची होती पहिल्यांदा गेली तेव्हा. हारमेनला तो दिवस आठवायला आवडत नसे.

“तिथला पलंग गार असायचा,” येत्स्के म्हणाली. “आठवडाभर पाय गरम व्हायचे नाहीत माझे. मी आईला एकदा सांगितलं. पुढच्या शुक्रवारी आले, सूप प्यायले आणि झोपायला गेले, तर बर्थ गरम. अगदी मधोमध, पातेल्याएवढा खळगा. तिथे मी पोटाशी पाय घेऊन झोपायचे. त्यानंतर एकही शुक्रवार चुकला नाही. पांघरुणाला वास यायचा ना वाटाण्याचा, तो माझ्या अंगालाही लागायचा. सोमवारी वसतिगृहात पोरी चिडवायच्या.”

हारमेन ऐकत होता. सुकाणूवर उभं राहून ज्याने सगळं तपासलं, त्याच्या पायाखाली, लाकडाच्या एका फळीपलीकडे, एवढी मोठी गोष्ट चालली होती आणि त्याला तिचा पत्ता नव्हता. त्याला आफकेची फार आठवण आली. आणि वाईट वाटलं, की वाडगा वर यायचा तेव्हा आपण एकदाही ‘कसं केलंस गं’ असं विचारलं नाही.

“मला कोणी सांगितलं नाही,” तो म्हणाला.

“तुम्ही विचारलं नाहीत,” येत्स्के म्हणाली. पण रागाने नाही.

मग वाट बघायची वेळ आली. व्हॅनमध्ये बसायला फारशी जागा नाही, तेव्हा पातेल्याच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला तो, मध्ये निळी रजई. गेल्या कित्येक वर्षांत दोघं असे काही न करता बसले नव्हते. येत्स्के यायची ती घड्याळ बघत यायची, फ्रीज तपासायची, औषधं तपासायची. तपासणं तिच्यात कोणाकडून आलं ते सांगायला नको. आज फोन बाकावर उपडा पडला होता.

बोलता बोलता हारमेनचा हात हळूच रजईच्या घडीखाली गेला. चट्‌दिशी चापट बसली.

“नुसतं गरम आहे का ते...”

“हात मागे!”

तेवढ्यात दार वाजलं. बाउक्ये, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात धुरी दिलेलं जाड सॉसेज. “मला वाटलं जेवणं उरकली असतील. माझी टोपी न्यायला आले. कान गळून पडायची वेळ आली.”

येत्स्केने टोपीकडे बघितलं, बाउक्येकडे बघितलं, बापाकडे बघितलं. “अच्छा! म्हणजे टोपीला मालकीण आहे तर!”

“मालकीण आहे आणि तिला कानही आहेत,” बाउक्ये म्हणाली. “काय गं, बापाने उघडून बघितलं ना?”

“बघितलं.”

“वाटलंच मला. बैल गेला आणि झोपा केला! हे घ्या सॉसेज, शेवटी कापून घाला. मी नाही थांबत, तुमचं तुम्ही बोला.” आणि टोपी कानांवर ओढून ती वाऱ्यात गेली.

“चांगली आहे,” येत्स्के म्हणाली.

“शेजारीण आहे.”

“मी कुठे काय म्हणाले?” ती हसली आणि मग जरा वेळ रजईवरच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. “बाबा, एक सांगू? ती खोली नुसती तुमच्यासाठी नव्हती. पोरगा गेल्यापासून घर खायला उठतं मला. कामावरून आले की दार उघडावंसं वाटत नाही. म्हटलं, तुम्ही असाल तर वर पावलं वाजतील.”

इतके दिवस हारमेनला वाटत होतं, लेक आपल्याला म्हातारा समजते. ती एकटी पडली असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. हेही एक न विचारलेलंच.

“मग मी येतो,” तो म्हणाला. आणि या वेळी मनापासून म्हणाला.

“भिंत बघत बसाल. चार दिवसांत मलाच तुम्हाला हाकलावं लागेल.” तिने मान हलवली. “नको. आधी चमचा बघू.”

खूप वेळाने तिने गाठ सोडू दिली. वाफेने व्हॅनची काच पांढरी झाली. हाडाचं मांस आपोआप सुटलं होतं, डाळ विरघळून घट्ट हिरवा लगदा झाला होता. सॉसेजचे तुकडे घालून हारमेनने चमचा मधोमध रोवला आणि हात काढला. चमचा उभा. दोघंही वाकून बघत होते. चमचा उभाच.

“पण सहाला नव्हता उभा,” हारमेन म्हणाला. शब्दाचा पक्का माणूस. “खरं ते खरं.”

“सहा कोण म्हणालं होतं? मी रविवार म्हणाले होते. अजून रविवारच आहे.” तिने वाडगा पुढे केला. “वाढा. आणि पुढच्या रविवारी मांस जरा जास्त घाला, मी येणार आहे. त्याच्या पुढच्याही.”

दोघं पोटभर जेवले, राईच्या पावाने वाडगे पुसून पुसून. तळलेले बटाटे हारमेनला एकदाही आठवले नाहीत. जेवण झाल्यावर तो निळ्या रजईची घडी करायला लागला, गाडीत नेऊन ठेवायला, तर येत्स्केने त्याच्या हातातून ती ओढून घेतली.

“असू दे इथेच. पातेल्याला लागेल.”

मग तिने पलंगावर हात ठेवला. मधोमध, जिथे पातेलं होतं तिथे. हात तसाच ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली.

“निघायच्या आधी पाच मिनिटं पडू का?” तिने विचारलं.

“पड की.”

तिने बूट काढले, त्या गरम खळग्यात पाय पोटाशी घेऊन शिरली आणि रजई डोक्यावरून ओढून घेतली. पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. पांघरुणाखाली आता एक मोठा उंचवटा होता, आवाज नाही, हालचाल नाही. हारमेन पातेलं घासत होता, भांड्याचा आवाज न करता. झोपली असेल का? गुदमरत तर नसेल? पाय गरम झाले असतील का? तो ओल्या हातानेच पलंगापाशी गेला. रजईचं टोक धरायला हात पुढे केला.

आणि मागे घेतला.

उघडून बघायचं नाही, तो स्वतःशीच म्हणाला, आणि पातेलं पुसायला परत गेला.